दहा मिनिटांची अनुक्रमणिका

"अनुक्रमणिका माझ्याकडे सोड, दहा मिनिटांचं काम आहे," असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसरा हात रिकामा होता. माणसाचा एक हात रिकामा असला की तो असली वाक्यं बोलतो. दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस कधी कुणाला काही कबूल करताना मी पाहिलेला नाही.

बायकोचा प्रबंध पूर्ण झाला होता. शाळेतली नोकरी, घर आणि मी अशी तीन ओझी सांभाळून तिने तो लिहिला होता. विषय होता ‘एका इमारतीतील रहिवाशांच्या भांडणांचा समाजशास्त्रीय अभ्यास’. एका इमारतीतील म्हणजे अर्थातच आमच्या. भांडणं शोधायला लांब कशाला जायचं? जिन्यात कुणाचा आवाज चढला की ही वही घेऊन दाराच्या फटीशी उभी. कुणाचं नाव मात्र तिने प्रबंधात येऊ दिलं नव्हतं. निवासी क, निवासी ख, निवासी ग, अशी सगळ्यांची सोय केली होती.

विद्यापीठाने तिला दिलेली मुदतवाढ शेवटची होती. शुक्रवारी खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध दाखल झाला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द आणि पुन्हा श्रीगणेशा. तिने सोमवारी संध्याकाळी शेवटचं वाक्य लिहिलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाली, "आता फक्त अनुक्रमणिका राहिली." त्यावर मी ते वाक्य बोललो.

माझी लायकी काय, असं कुणी विचारील म्हणून सांगतो. मी ऑफिसात आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे आणि टंकलेखनाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण आहे. प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. आमच्या वेळी अनुक्रमणिका म्हणजे टंकलेखकाच्या चारित्र्याची कसोटी असे. डावीकडे प्रकरणाचं नाव, उजवीकडे पानाचा आकडा आणि मध्ये ठिपके. ठिपक्याची कळ दाबत राहायचं, टक टक टक टक, आणि आकडा आला की थांबायचं. मशीनवर सगळी अक्षरं सारखीच जागा घेत, त्यामुळे ठिपके मोजले की आकडे आपोआप एकाखाली एक उभे राहत.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि टक टक टक टक केलं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण जरा उशिरा. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या ऐपतीप्रमाणे जागा घेतं. ‘क्ष’ पाय पसरून बसतो आणि ‘र’ अंग चोरून उभा राहतो. त्यामुळे मी कितीही प्रामाणिकपणे ठिपके मोजले तरी एक आकडा पुढे, एक मागे. पुढे गेलेला मागे आणावा म्हणून एक ठिपका काढला तर तो नको तितका मागे येई. मागचा पुढे ढकलावा म्हणून एक ठिपका घातला तर तो सरळ खालच्या ओळीत जाऊन एकटाच बसे. ऑफिसात असा एक कारकून माझ्या हाताखाली होता. त्याचीही बदलीच करावी लागली होती.

एवढ्यात दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरचे लेव्हलकाका आले होते. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. खात्याने निरोपाच्या वेळी त्यांना काय दिलं माहीत नाही, पण पातळी बघायची ती बुडबुड्याची नळी मात्र ते तिथून घेऊन आले आहेत, आणि ती कायम त्यांच्या खिशात असते. कुणाकडेही गेले की आधी भिंतीवरची तसबीर मोजतात आणि मग खुशाली विचारतात.

"काय चाललंय?" ते म्हणाले.

"आकडे सरळ येत नाहीत."

त्यांनी नळी काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला. "येतील कसे? टेबलच कललंय तुमचं."

मी शिकलेला माणूस आहे. टेबल कलल्याने स्क्रीनमधले आकडे कलत नाहीत, हे मला समजतं. पण काका इंजिनिअर असल्यामुळे मी काही बोललो नाही. आम्ही दोघांनी मिळून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. बुडबुडा मध्ये आला. आकडे होते तिथेच राहिले. काका मग वाकून स्क्रीनवर वाचू लागले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"‘पाण्याच्या टाकीवरील हक्क : निवासी ज यांचा हट्ट’. हे ज कोण?"

"कल्पना नाही," मी म्हणालो.

"या इमारतीत टाकीत पट्टी बुडवून पाणी मोजणारा दुसरा कुणी आहे का?"

नव्हता.

"हट्ट काढा. आग्रह घाला," काका म्हणाले. "माझा आग्रह आहे."

हट्टाच्या जागी आग्रह घातल्याने समाजशास्त्राचं काही अडणार नव्हतं, आणि काका पुन्हा टेबल मोजायच्या बेतात होते. मी अनुक्रमणिकेत हट्टाचा आग्रह केला. आत, प्रत्यक्ष प्रकरणाच्या डोक्यावर हट्टच राहिला, पण तिथपर्यंत कोण जातंय? शब्द बदलल्यामुळे त्या ओळीचा आकडा पुन्हा खाली उतरला, एवढंच.

इमारतीत बातमी पसरायला आमच्याकडे जिना पुरतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी आल्या. मावशींचे ओले कपडे लेव्हलकाकांच्या गॅलरीत ठिबकतात, हा आमच्या इमारतीचा जुना इतिहास आहे आणि प्रबंधात त्याला एक अख्खं प्रकरण आहे.

"तुझं काहीतरी अडलंय म्हणे," मावशी खुर्ची ओढत म्हणाल्या. "एवढा जीव कशाला आटवतोस रे? अनुक्रमणिका वाचतं कोण? मी तर पुस्तक शेवटाकडून वाचते." एवढं बोलून त्यांनी चष्मा चढवला आणि अनुक्रमणिका पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

"‘ओल्या कपड्यांचे ठिबकणे : एक दीर्घ संघर्ष’," त्यांनी वाचलं. "ठिबकणे? माझे कपडे पिळलेले असतात. या हातांनी पिळते मी. तूच सांग, ठिबकतात?"

माझा हात टेबलावर होता आणि त्यांनी तो धरला होता. त्या पिळतात हे मला त्या क्षणी पटलं. अनुक्रमणिकेत आता ‘ओल्या कपड्यांविषयीचे काही गैरसमज’ असं आलं. मावशींचं समाधान झालं. ठिपके नव्याने मोजावे लागले.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी प्रबंधाची एक प्रत घेऊन विद्यापीठात गेलो. बांधणी करण्याआधी खिडकीवर एकदा दाखवून घेतलेलं बरं असतं. खिडकीमागे एक गृहस्थ होते. त्यांच्या हातात पारदर्शक पट्टी होती. मी मनात त्यांना पट्टीसाहेब असं नाव देऊन टाकलं. त्यांनी प्रबंध उघडला, अनुक्रमणिकेवर पट्टी उभी ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आकडे डुलतायत."

"थोडे," मी म्हणालो.

"नियमात थोडे नाही. पृष्ठक्रमांक उजव्या समासाशी समरेख हवेत."

"पण मजकूर तर बघा. माझ्या बायकोने भांडणाचं असं विश्लेषण केलंय की..."

"मजकूर बघायला परीक्षक आहेत," पट्टीसाहेब म्हणाले. "आम्ही कडा बघतो." आणि त्यांनी प्रबंध परत सरकवला. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी आपली अनुक्रमणिका हळूच छातीशी धरली.

मी आयुष्यभर लोकांची पत्रं ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून परत पाठवली आहेत. त्यातली गंमत खिडकीच्या फक्त आतल्या बाजूने दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी जिद्दीने बसलो. ठिपक्यांच्या मध्ये मोकळ्या जागा सोडून, काही ठिपके बारीक करून आणि काही जाड करून, मी आकडे असे उभे केले की सैन्याने सलामी द्यावी. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आकडे सरळ होते. मग छपाईच्या दुकानात गेलो. तिथे दुकानदाराने फाइल उघडली आणि माझं सैन्य डोळ्यांदेखत पांगलं. आकडे वाटेल तिथे, ठिपके दोन-दोन ओळींत, आणि एका प्रकरणाचं नाव तर अर्धं तुटून पुढच्या पानावर गेलेलं.

"तुमचा तो टाइप आमच्याकडे नाहीये," दुकानदार म्हणाला. "पण आमच्या टाइपात जास्त छान दिसतंय की."

बायको शाळेतून आली तेव्हा ते छान दिसणारं पान टेबलावर पडलं होतं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. भांडणाची ती अधिकृत अभ्यासक आहे. ठरवलं असतं तर तिने माझा पद्धतशीर समाचार घेतला असता. पण तिने ते पान उचललं, पाहिलं, खाली ठेवलं आणि इतकंच विचारलं, "अहो, शुक्रवारपर्यंत होईल ना?"

मी "हो" म्हणालो. तोवर ही सगळी मला माझ्या आणि ठिपक्यांच्या मधली बाब वाटत होती. तिचा तो आवाज ऐकला आणि मी खरंच घाबरलो. तिची इतकी वर्षं माझ्या ठिपक्यांना टांगलेली होती.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने भावाला बोलावलं. माझा हा मेव्हणा औषधं विकत डॉक्टरांकडे फिरतो आणि जगात त्याला कळत नाही असं काही नाही, असं त्याचं मत आहे. दुःखाची गोष्ट अशी की कधीकधी त्याला खरंच कळतं.

"भाऊजी," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हे ठिपके तुम्ही हाताने घातलेत?"

"मग कशाने घालणार?"

तो हसला नाही. हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं, मग माझी संपूर्ण अनुक्रमणिका निवडली आणि एक कळ दाबून पुसून टाकली. चार दिवसांचे ठिपके एका क्षणात गेले. मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघण्याचं टाळलं.

"हे बघा," तो म्हणाला, "आत प्रत्येक प्रकरणाच्या नावाला ‘शीर्षक’ असा शिक्का मारायचा. मग जिथे जिथे शीर्षक आहे ते हे यंत्र आपणहून उचलतं, पानाचा आकडा लावतं, ठिपकेही घालतं. पानं पुढेमागे झाली तर इथे टिचकी मारायची की सगळं पुन्हा नीट. तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही."

चहा गार व्हायच्या आत त्याचं काम झालं. आकडे असे सरळ होते की लेव्हलकाकांची नळी बाद व्हावी. बायकोचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला. तिने लगेच बसून ऋणनिर्देशात चार ओळी वाढवल्या. मेव्हणा निघाला, आणि चपला घालता घालता, मी ऐकतोय हे माहीत असूनही, बहिणीला म्हणाला, "भाऊजींना यापासून लांब ठेव."

बायको त्याला खालपर्यंत सोडायला गेली. मी आणि प्रबंध घरात दोघेच उरलो.

मी फक्त वाचायला बसलो होतो. ऋणनिर्देशाचं पान उघडं होतं म्हणून वाचलं. ग्रंथपालांचे आभार दोन ओळींत होते. ग्रंथालयाच्या शिपायाचे दीड ओळीत. जिन्यात तिच्या सोबतीला बसणाऱ्या इमारतीच्या मांजराचे एका ओळीत. ‘ऐन वेळी धावून आलेल्या, तंत्रकुशल अशा माझ्या बंधूचे’ आभार तर चांगले चार ओळी भरून वाहत होते. आणि सगळ्यात शेवटी, त्याच परिच्छेदाच्या शेपटाला, असं होतं : ‘तसेच वेळोवेळी चहा करून दिल्याबद्दल यजमानांचेही.’

मी ते तीनदा वाचलं. सुरुवातीला ‘तसेच’ आणि शेवटी ‘ही’. दोन्हीकडून दाबून मधे बसवलेला नवरा. मांजराच्या वाक्याला निदान स्वतःचं क्रियापद होतं.

मी त्या वाक्यातला एक शब्दही बदलला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मला वाटलं, त्याला जरा मोकळी हवा मिळावी. म्हणून मी ते वेगळ्या ओळीवर घेतलं. मग वाटलं, किंचित ठळक असावं. वरच्या पट्टीत देखणे अक्षरप्रकार ओळीने मांडलेले होते. त्यातल्या एकावर टिचकी मारली, तर वाक्य एकदम निळं झालं आणि प्रकरणाच्या नावाएवढं मोठं दिसू लागलं. जिन्यात बायकोची पावलं वाजली. मी घाईघाईने अक्षरं लहान केली, रंग काळा केला, ठळकपणाही काढला. वाक्य पुन्हा पहिल्यासारखं साधं दिसू लागलं. मग पान पुढेमागे झालं असेल, या शंकेने, मेव्हण्याने सांगितलं होतं तिथे टिचकी मारली आणि अनुक्रमणिका पाहून घेतली. आकडे सगळे सरळ होते. आठवडाभर मी अनुक्रमणिकेची फक्त उजवी कड बघत होतो. डोळ्यांना तीच सवय लागली होती.

शुक्रवारी सकाळी छपाई झाली, दुपारी निळ्या कापडाची बांधणी झाली आणि आम्ही दोघं खिडकीसमोर उभे राहिलो. पट्टीसाहेबांनी अनुक्रमणिकेवर पट्टी उभी ठेवली. मग आडवी ठेवली आणि एकेक ओळ करत खाली सरकवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मध्ये एकदा पट्टी जरा जास्त वेळ थांबली. मग ते म्हणाले, "सरळ आहे," आणि शिक्का मारला.

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. बायकोने भर गर्दीत माझा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही. तिला हसू येत होतं. मला वाटलं, आनंदाचं असेल.

आमच्या वाट्याची प्रत रविवारी मी निवांत उघडली. अनुक्रमणिकेत ऋणनिर्देश, पान चार. त्याच्याखाली प्रकरण पहिलं असायला हवं होतं. पण तिथे ठिपक्यांच्या देखण्या रांगेसह, उजव्या समासाशी अगदी समरेख अशी ही ओळ होती :

‘तसेच वेळोवेळी चहा करून दिल्याबद्दल यजमानांचेही ................ ५’

म्हणजे त्या वाक्याचा रंग गेला, आकार गेला, पण मी टिचकीने मारलेला ‘शीर्षक’ हा शिक्का गेलाच नव्हता. वरून साधा आणि आतून शीर्षक. यंत्राने सांगितल्याप्रमाणे शीर्षक पाहिलं आणि उचललं. खाली नजर गेली तर हट्टही परत आला होता, आणि ठिबकणेही. अनुक्रमणिकेत मी दिलेली सगळी आश्वासनं यंत्राने मोडली होती. मी प्रत कपाटात स्वेटरच्या घड्यांखाली ठेवली आणि बायकोला चहा करून दिला.

सोमवारी पुन्हा अर्धी रजा. पट्टीसाहेब होतेच.

"प्रबंध परत मिळेल का? एकच दुरुस्ती आहे."

"आकडे सरळ होते की."

"होते. पण एक ओळ जास्त आहे."

"ती सरळ आहे ना?"

"आहे."

"मग सरळ प्रबंध परत द्यायची तरतूद नाही," पट्टीसाहेब म्हणाले. "वाकडा असता तर काहीतरी करता आलं असतं."

प्रबंध परीक्षकांकडे गेला. मौखिक परीक्षेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बायकोला सांगावं तर तिची झोप उडेल, न सांगावं तर माझी उडालेलीच. मी इतक्या वेळा चहा करू लागलो की तिने एकदा मला काही होतंय का म्हणून विचारलं. ऑफिसात मी लोकांची पत्रं न वाचता पुढे पाठवू लागलो. त्याबद्दल एकाने माझे आभार मानले.

मौखिक परीक्षा खुली असते, म्हणजे कुणीही येऊन बसू शकतं. कुणीही येत नाही, हा भाग वेगळा. पण आमच्या इमारतीतून लेव्हलकाका आणि मावशी दोघंही परीटघडीचे कपडे घालून आले. समोरासमोरच्या रांगांत बसले. आपापल्या प्रकरणांची नावं अनुक्रमणिकेत सुधारून घेतल्याचं समाधान दोघांच्याही चेहऱ्यावर होतं. मेव्हणाही आला होता. मी दाराजवळची खुर्ची धरली.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मी कुठलाही प्रबंध अनुक्रमणिकेपासून वाचतो."

मी खुर्ची दाराकडे आणखी सरकवली.

"प्रकरण तिसरं," ते म्हणाले. "‘ओल्या कपड्यांचे ठिबकणे : एक दीर्घ संघर्ष’. हे शीर्षक मला आवडलं."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "ते बदललंय. काही गैरसमज असं केलंय त्याचं."

"कुणी केलं?" परीक्षकांनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. मी चपला घातल्या होत्या.

"गैरसमज कसला?" लेव्हलकाकाही उभे राहिले. "ठिबकतातच. मी खाली भांडं ठेवून मोजलंय."

"मोजणारच. टाकी मोजता, जिना मोजता. माणसाशी नीट बोलता येतं का तुम्हाला? गॅलरीत छप्पर घातलंत तेव्हा मला एका शब्दाने विचारलंत?"

"आणि तुम्ही दोरी बांधलीत तेव्हा मला विचारलंत?"

विद्यापीठाच्या सभागृहात आमचा जिना अवतरला होता. मला तर वाटलं, आता सगळं संपलं. मी बायकोकडे पाहिलं. ती व्यासपीठावर हात बांधून शांत उभी होती, शाळेत मुलांचा गोंगाट आपोआप ओसरायची वाट बघते तशी.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "मी लिहिलंय की भांडण कपड्यांवरून नसतं, पाण्यावरूनही नसतं. मला विचारलं नाही, माझी दखल घेतली नाही, यावरून असतं. आता पाहा, हे दोघं टाकीवर येतील."

"आणि टाकीची चावी?" मावशी म्हणाल्या. "ती तुमच्याकडे ठेवायची हे ठरवताना मला कुणी विचारलं होतं?"

परीक्षक खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी कागदावर काहीतरी मोठं लिहिलं. त्यांच्या शेजारच्या प्राध्यापिकाबाई हसू दाबत होत्या. काका आणि मावशी मग आपणहून खाली बसले, आणि आपल्यामुळे कुणाचं तरी भलं झालं आहे अशी शंका आल्यामुळे दोघंही गोंधळले.

"निष्कर्ष मान्य," परीक्षक म्हणाले. मी उठून निघायच्या बेतात होतो. "फक्त एक शंका. पान पाच." त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं, "‘तसेच वेळोवेळी चहा करून दिल्याबद्दल यजमानांचेही’. हे प्रकरण मला सापडलं नाही."

सभागृहातली प्रत्येक मान माझ्याकडे वळली. मेव्हण्याने कपाळावर हात मारला.

बायकोने क्षणभरही वेळ घेतला नाही. "तो घरातला नमुना आहे, सर. मी त्याला आत निवासी य म्हणणार होते. आपली दखल अर्ध्या ओळीत उरकली असं वाटलं की माणूस काय करतो, त्याचं हे उदाहरण. निष्कर्षाला पुरावा म्हणून अनुक्रमणिकेतच राहू दिलं."

प्राध्यापिकाबाईंचं हसू आता सुटलं. परीक्षकही हसले. "निवासी य उपस्थित आहेत का?"

मी अर्धा उभा राहिलो. मावशींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, मावशींना साथ दिली. बायकोला पदवी मंजूर झाल्याचं त्याच टाळ्यांत जाहीर झालं. मी उभाच होतो. मला आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदम झालं की माणसाला कुठे बघावं ते कळत नाही.

घरी आलो. तिने पाय वर घेऊन खुर्चीत बसकण मारली. मी प्रमाणपत्राच्या खाली उभा राहिलो.

"‘राहू दिलं’ म्हणालीस तू," मी म्हणालो. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"खिडकीवर त्या गृहस्थांनी पट्टी नेमकी त्याच ओळीखाली धरली होती. मी समोरच उभी होते."

"मग तेव्हाच सांगायचं ना. मी इतके दिवस..."

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही ती दुरुस्त करायला बसला असता."

मी स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं.